क्रमशः क्रमशः करत ३००० रुपये गेले

लिहू का नको असं लय दिवस चाललं होतं, कारण चाळिशीतला माणूस कॉमिक्सपायी फसला म्हटलं की लोक आधी हसतात अन् मग विचारतात किती गेले. तर माझे ३०००, अन् माझ्या भरोशावर गावातल्या चार पोट्ट्यांचे २४०० प्रमाणे ९६०० वेगळे. हसून घ्या, मग पुढं वाचा.

मी दिग्रस तालुक्यातला, शेती आहे अन् सोबत झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्मचं लहानसं दुकान. बाबांजवळ इंद्रजाल कॉमिक्सच्या जुन्या मराठी अंकांचा गठ्ठा होता, वेताळ (म्हणजे फँटम) वाचतच मोठा झालो. इंद्रजाल १९९० ला बंद पडलं, मग एसटी स्टँडवरच्या दुकानातून नागराज, ध्रुवच्या हिंदी कॉमिक्स दिवसाच्या भाड्यानं आणायचो. गोष्ट अर्ध्यात सुटली की जीव खालवर व्हायचा, दुकानदाराला रोज विचारायचं अन् तो म्हणायचा, "आला तं ठेवतो ना बाप्पा तुह्यासाठी बाजूले." म्हणजे पुढच्या अंकाची वाट पाहायची सवय अंगात मुरलेली, अन् मला फसवणाऱ्या माणसानं बरोबर तीच सवय पकडली.

दोन वर्षांआधी दसऱ्याच्या टायमाला मोबाईलवर जाहिरात दिसली. नवीन मराठी भुताची कॉमिक्स, १२ भाग, गोष्ट आपल्याच इकडच्या एका पडक्या विहिरीची. आगाऊ बुकिंग २४००, पोस्टाचा खर्च त्यातच, अन् बुकिंग करणाऱ्याचं नाव शेवटच्या अंकात छापणार. सोयाबीन नुकतंच विकलं होतं, हातात पैसा खुळखुळत होता, टाकले. पैसे कोण्या कंपनीच्या नाही, एका माणसाच्या नावावर गेले हे तवाच दिसलं होतं मले, पण नवीन पोरगं आहे, धंदा सुरू करून राह्यलं असंन, असं मीच मनाला समजावलं. वरून पोट्ट्यांनाही सांगितलं.

पहिले दोन भाग टायमावर आले. खोटं कशाला बोलू, चित्रं झकास होती, कागद जाड, सोबत स्टिकर. दुसऱ्या भागाच्या शेवटी ती पोरगी कंदील घेऊन विहिरीत उतरते अन् खाली क्रमशः. झालं, आम्ही सगळे खलास. पण अंकाच्या मागं छापणाऱ्या प्रेसचं नाव नाही, पत्ता नाही, नुसता मोबाईल नंबर, हे तेव्हा कोणी पाहिलं नाही. त्या दोन अंकांनीच पुढं आमचा घात केला, ते सांगतोच.

तिसरा भाग जानेवारीत येणार होता. तूर निघाली तवा तो कॉमिक्सवाला म्हणाला आर्टिस्टला टायफॉइड झाला. होळीला म्हणाला कागद महागला, जे ६०० भरून हार्डकव्हर घेतील त्यांचं आधी छापतो. ते ६०० मी भरले, पोट्ट्यांनी नाही भरले, त्यांना माझ्यापेक्षा जास्त अक्कल. लग्नसराईत प्रेसची मशीन बिघडली. पेरणी झाली, डवरे फिरले, पोळा आला, बैल सजले, अंक काही आला नाही.

बुकिंग केलेल्यांचा मोबाईलवर ग्रुप होता, त्यात कोणी विचारलं की तो चिडत नव्हता हे विशेष. गोड बोलून सांगायचा की भाऊ, कला अशी घाई करून होत नाही, अमेरिकेत पाहा, हल्क अन् वुल्व्हरिनच्या एका सिरीजचा दुसरा अंक २००६ ला आला अन् तिसरा २००९ ला. मी शोधून पाहिलं तर खरंच निघालं! जपानच्या हंटर एक्स हंटर ह्या कॉमिक्सचंही त्यानं सांगितलं, २०१८ च्या शेवटाला थांबलं ते २०२२ मध्ये सुरू झालं, तेही खरं. मग आमची बोलतीच बंद. वाशीमकडच्या एका भाऊनं पैसे वापस मागितले तर आम्हीच त्याच्यावर तुटून पडलो, फॅन असशीन तर धीर धर, नाही तं निघ, असं मी स्वतः लिहिलं. त्या भाऊची इथं माफी मागतो. डोक्यात एवढंच आलं नाही की तिकडचा वाचक दुकानात जाऊन, अंक हातात आला की त्या अंकाचे पैसे देतो. त्याचा जीव टांगणीला लागतो, पण पुढच्या दहा अंकांचे पैसे काही कोणाच्या खिशात जाऊन बसत नाही. आमचे बसले होते.

चोरी पकडली माझ्या भाच्यानं, नववीतलं पोट्टं. काम चालू आहे हे दाखवायला तो माणूस दर महिन्याला टेबलावरच्या कच्च्या पानाचा फोटो टाकायचा. भाचा म्हणे, "मामा, हे पान पाह्य, हे जानेवारीतलं अन् हे पोळ्याचं, दोन्हीवर कोपऱ्यात ७ लिहेल आहे." फोटो तिरपा घेतलेला, वरून चहाचा कप ठेवलेला, पण पान तेच. आठ महिने एकाच पानावर गाडी!

मी फोन करून सरळ विचारलं तर दुसऱ्याच दिवशी पार्सल पाठवलं म्हणून ट्रॅकिंग नंबर आला. पोस्टातल्या काकांना दाखवला. काका चष्मा वर करून म्हणाले, "हा नंबर स्पीड पोस्टचा नोहे भाऊ. आमचा तेराचा राह्यते, पुढं दोन एबीसीडी, मंग नऊ आकडे, मंग आयएन. हे अकरा आकडे कोण्या लॉटरीचे आनले?" संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढलं, रात्री ग्रुपच बंद.

१९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर फोन लावला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पण पैसे जाऊन वर्ष होत आलेलं, खात्यात काय राहणार. ती तक्रार त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासाला केली तर पैसा अडवता यायची आशा जास्त राह्यते. बँक म्हणे पिन टाकून तुम्हीच पाठवले. ठाण्यात ऐकून घेतलं, पण दोन अंक आले ना, मग उशीर झाला म्हणा, फसवणूक कशी, असं विचारलं अन् माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आता कळलं ते दोन अंक कशासाठी होते ते. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, तिथं अर्ज ऑनलाइन टाकला आहे. तुमचं कोणाचं असं अडकलं असंन तर वाट पाहण्यात ही मुदत घालवू नका, येतो येतो म्हणणाऱ्याला तेच पाहिजे असते. पोट्ट्यांचे पैसे कापूस विकून मी वापस केले, दोघांनी घेतले नाही.

अन् हे आजच लिहायचं कारण म्हणजे काल भाच्यानं नवीन जाहिरात दाखवली. नाव दुसरं, नंबर दुसरा, कॉमिक्स १५ भागांची, बुकिंग २९९९. खाली काम चालू आहे म्हणून पानाचा फोटो. विहिरीच्या काठावर पोरगी, डाव्या हातात कंदील, कोपऱ्यात पेन्सिलीनं ७.