ओपनफोमचा ऑटोमॅटिक टाइम स्टेप: पावसाळ्यापासून वापरतोय, आता लिहितो

ओपनफोम म्हणजे प्रवाहाचं गणित संगणकावर सोडवणारं सॉफ्टवेअर, आणि ते गणित वेळेच्या ज्या छोट्या तुकड्यांनी पुढे सरकतं तो टाइम स्टेप. पाचपैकी साडेतीन. दीड गुण कशाचा कापला ते पुढे येईलच.

महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात थर्मोवेलची कामं बरीच येतात. थर्मोवेल म्हणजे तापमान मोजण्यासाठी पाइपात आडवी घातलेली नळी. तिच्यामागे आलटूनपालटून भोवरे सुटतात आणि नळी थरथरते. जपानच्या मोंजू अणुभट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये अशीच एक नळी मोडून सोडियमची गळती झाली होती, त्यामुळे हा प्रकार कुणी हसण्यावारी नेत नाही.

सोय साधी आहे. कमाल कुरांट नंबर द्यायचा, म्हणजे एका स्टेपमध्ये प्रवाहाने जाळीची (मेशची) जास्तीत जास्त किती घरं (सेल) ओलांडायची तो आकडा; सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा प्रोग्राम, प्रवाहाचा वेग आणि सेलचा आकार बघून टाइम स्टेप स्वतः ठरवतो. वाढवताना एका वेळी २० टक्क्यांच्या वर जात नाही, कमी करताना मात्र थेट खाली येतो. रन सुरू होतानाची धांदल तो फार छान सांभाळतो. शुक्रवारी संध्याकाळी रन लावून घणसोलीहून लोकल पकडायची, सोमवारी रन जिवंत. याचे तीन गुण इथेच वसूल.

पण रन जिवंत असणं वेगळं आणि उत्तर बरोबर असणं वेगळं. कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांची १९२८ची अट (कुरांट नंबर याच अटीतून आला) आहे ती गणित फुटू नये म्हणून. पिंपल ही ओपनफोमची गणित सोडवण्याची पद्धत इम्प्लिसिट (पुढच्या क्षणाची समीकरणं एकत्र सोडवणारी) असल्यामुळे कुरांट नंबर १च्या वर नेला तरी बहुतेक वेळा काही बिघडल्यासारखं दिसत नाही. "अरे, पाच कर ना, क्लायंट येतोय," हे वाक्य आमच्याकडे दर पंधरवड्याला ऐकू येतं.

आता हिशेब बघा. नळी २५ मिलिमीटरची, पाणी सेकंदाला ५ मीटर. स्ट्रूहाल नंबर (वेग आणि जाडीवरून भोवरे किती वेळा सुटतात ते सांगणारा आकडा) ०.२ धरला तर भोवरे सेकंदाला ४० वेळा सुटतात, म्हणजे एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचं. सेल अडीच मिलिमीटरचा आणि कुरांट ५ असेल तर टाइम स्टेप येतो २.५ मिलिसेकंद. एका आवर्तनाला जेमतेम दहा स्टेप! त्यात प्रवाहाच्या दिशेचा धक्का दुप्पट वेगाने, ८० हर्ट्झने येतो. त्याच्या वाट्याला पाचच. वर ऑयलर स्कीम (स्टेप पुढे नेण्याची सर्वांत साधी रीत) असेल तर भोवरे मवाळ होतात आणि ग्राफ असा गुळगुळीत येतो की रिपोर्टात शोभून दिसावा. एररचा मेसेज कुठेच नाही. सॉल्व्हरला तुमचे ८० हर्ट्झ माहीतच नसतात. ते कमाल टाइम स्टेपच्या रकान्यात तुम्हालाच लिहावे लागतात. मी तिथे पाव मिलिसेकंद टाकतो: भोवऱ्याला शंभर, धक्क्याला पन्नास.

उलट त्रासही आहे. मेशच्या कोपऱ्यात एक चिंचोळा, वाकडा सेल राहिला की त्याच्यापायी सगळं डोमेन गोगलगायीच्या चालीने जातं. दोष मेशचा, पण कळायला लॉग उघडावा लागतो.

आणखी एक. फ्रिक्वेन्सी काढायची असेल तर बदलत्या स्टेपवरचा डेटा सरळ एफएफटीत (डेटातून फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढणाऱ्या गणितात) घालता येत नाही. भोवरे स्थिरावले की मी ऑटोमॅटिक बंद करून ठरावीक स्टेपवर पुढचा रन घेतो. टाकी भरण्याच्या कामांत मात्र ते चालूच ठेवतो. इंटरफोम या पाणी-हवेच्या सॉल्व्हरमध्ये पाण्याच्या पृष्ठभागासाठी कुरांटची वेगळी मर्यादा देता येते, आणि उसळत्या पाण्यात योग्य स्टेप हाताने धरणं माझ्याच्याने तरी होत नाही.