दहा किलोमीटरची शर्यत मोजायची कशाने: गाडी, जीपीएस की सायकल?

शर्यतीचा मार्ग ठरला की बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतं, "मोजायला काय लागतं, माझी गाडी काढू." काढा, पण तेवढ्यावर अंतिम रेषा आखू नका.

गाडीचा ट्रिपमीटर साधारण शंभर-शंभर मीटरने सरकतो. शिवाय टायरची नक्षी ८ मिलिमीटरवरून २ वर आली, तर ३०० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकात कागदावर २ टक्के फरक. १० किलोमीटरला २०० मीटर. चाकाच्या फेऱ्यांचे पल्स मोजणारं सर्वेक्षणाचं यंत्र गाडीला बसवलं आणि टेपने आखलेल्या अंतरावर कॅलिब्रेट केलं, म्हणजे पडताळून जुळवलं, तर हे दोन्ही दोष आवरतात. तिसरा आवरत नाही. गाडी आपल्या बाजूने जाते, धावणारा वळण आतून कापतो. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारख्या रस्त्यावर उजवीकडच्या एका पूर्ण (१८० अंशांच्या) वळणात गाडी चार मीटर बाहेरून गेली, तर साडेबारा मीटर जास्त भरतात. तेवढा तुमचा मार्ग आखूड.

जीपीएसही बहुधा त्याच बाजूला चुकतं. प्रत्येक बिंदू थोडा इकडेतिकडे पडतो, रेघ नागमोडी होते, आणि घड्याळात १० किलोमीटर भरले तरी रस्त्यावर तेवढे झालेले नसतात. पाण्याची टेबलं कुठे लावायची ते ठरवायला ठीक आहे.

उरली सायकल. पुढच्या चाकाच्या हबपाशी बसणारा, चाकाच्या फेऱ्या मोजणारा जोन्स काउंटर ॲलन जोन्स यांनी १९७१ साली तयार केला. रस्त्यावरच्या शर्यती आजही याच पद्धतीने मोजून प्रमाणित होतात. चाकाच्या एका फेरीला साधारण २३.६ आकडे सरकतात, म्हणजे एक आकडा जेमतेम ९ सेंटिमीटर. यंत्र साधं आहे, खरी मेहनत कॅलिब्रेशनची.

सरळ, सपाट रस्त्यावर स्टीलच्या टेपने निदान ३०० मीटर आखा. टेप २० अंशाला बरोबर असते. आपल्याकडच्या ३५ अंशांत ती ताणते आणि ३०० मीटरला पाच सेंटिमीटरचा फरक पडतो, तो हिशेबात धरा. मग तेवढ्या अंतरावर चार फेऱ्या मारा. खुणेवर चाकाचा आस आला की पुढचा ब्रेक दाबून आकडा वाचा. चाक मागे सरकू देऊ नका. समजा सरासरी ३,३७२ आली. किलोमीटरला ११,२४० आकडे. त्याला १.००१ ने गुणायचं, म्हणजे मार्ग आखूड निघू नये म्हणून १० किलोमीटरला १० मीटर जादा. मार्ग मोजून झाला की पुन्हा चार फेऱ्या. ऊन चढल्यावर टायर फुगतो आणि आकडे कमी येतात. सकाळच्या ३,३७२ चे दुपारी ३,३७० झाले, तर १० किलोमीटरला सहा मीटरचा फरक. सकाळचा आकडा धरला तर मार्ग थोडा लांब निघेल, तो चालतो. मात्र मधेच हवा भरली, किंवा स्वार बदलला, तर सगळं पहिल्यापासून. चाक थोडं डगमगत चालतं त्याची काळजी नको, कॅलिब्रेशनमध्येही ते तसंच डगमगलेलं असतं.

त्रास एवढाच, की कडेपासून ३० सेंटिमीटर राखून, वळणं आतून कापत जायचं, म्हणजे निम्मा वेळ समोरून येणाऱ्या वाहनांच्या अंगावर. रविवारी पहाटे, पुढेमागे एकेक मोटारसायकल ठेवूनच हे करा.

माझं मत विचाराल तर दोन्ही वापरा: किलोमीटरच्या पाट्या आणि रुग्णवाहिकेच्या जागा ठरवायला गाडी, सुरुवात-शेवटाला सायकल. रेघ रंगाने मारलीत तर तिथून जवळचा विजेचा खांब किंवा मोरीचा कठडा किती मीटरवर आहे तेही लिहून ठेवा. शर्यतीच्या आधी रस्त्यावर नवं डांबर पडायची खोड आपल्याकडे आहेच.