वॅक्स की सीलंट? कोकणातल्या अंगणातून

गाडी धुतली, क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवला, पॉलिशही केलं. आता वरून वॅक्स लावायचं की सीलंट, म्हणजे कृत्रिम पॉलिमरचा संरक्षक थर, एवढ्यावरच जे अडलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. पॉलिश राहिलं असेल तर आधी ते उरका. आत बघत राहावं अशी खोल चमक येते ती क्लिअर कोटवरचे (रंगावरच्या पारदर्शक थरावरचे) बारीक चरे निघाल्यामुळे. वॅक्स किंवा सीलंट ती राखतात, थोडी खुलवतात, इतकंच. आणि क्लिअर कोट असतो साधारण 40-50 मायक्रॉनचा, तेव्हा दरवर्षी कंपाउंडने (खरखरीत पॉलिशने) घासत बसू नका.

माझं घर रत्नागिरीत, भाट्ये खाडीच्या जवळ. गाडी गडद निळी, अंगणात उघड्यावर उभी. समोरच्या रस्त्याने जांभ्या चिऱ्याचे ट्रक जातात, त्यामुळे पाऊस संपला की तांबडी धूळ रोजचीच. परवाच्या दिवाळीत बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावली. डावीकडे कार्नोबा वॅक्स, उजवीकडे पॉलिमर सीलंट. होळीपर्यंत दोन्ही बाजू रोज पाहिल्या.

पहिल्या दिवशी वॅक्सची बाजू सरस होती, हे मान्यच करतो. कार्नोबा म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. डबीत ते तेलं आणि सॉल्व्हंट मिसळून मऊ केलेलं असतं. त्या तेलाने निळा रंग ओला दिसतो, नुकता पाऊस पडून गेल्यासारखा. सीलंटची चमक जरा कोरडी, काचेसारखी. शेजारच्यांना दोन्हींत फरक कळला नाही, मला कळत होता. तुमची गाडी पांढरी किंवा चंदेरी असेल तर हा मुद्दा सोडूनच द्या. त्या रंगांवर मला स्वतःलाही तो दिसलेला नाही.

लावायला वॅक्स सोपं. पातळ हात द्यायचा, धुरकट झालं की मायक्रोफायबरने पुसायचं, गाडी घेऊन बाजारात जायला मोकळं. एकच जपावं लागतं: काळ्या प्लॅस्टिकला लागलं तर पांढरे डाग बसतात, ते सहज निघत नाहीत.

मग आली थंडी, आणि माझा निर्णय तिथे झाला.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलं दव पडतं. वॅक्सवर पाण्याचे गोल, फुगीर थेंब उभे राहतात. दिसायला ते फार देखणे. वॅक्सच्या डब्यांवर चित्र असतं ते त्यांचंच. दारांवरून थेंब ओघळून जातात, पण बॉनेट आणि टप जवळजवळ सपाट. तिथे थेंब जागच्या जागी बसतात, हवेतली तांबडी धूळ आणि खारा अंश धरतात आणि नऊच्या उन्हात सुकतात. प्रत्येक थेंबाच्या जागी एक तांबूस कडं उरतं. सबंध डावा अर्धा देवी आल्यासारखा दिसायचा. कोरडं फडकं फिरवावं तर त्याच धुळीने चरे पडणार, म्हणून रोज सकाळी बादली घेऊन जायचं. असे पंधरा-वीस दिवस गेले. एवढी मेहनत करून आणलेली चमक त्या कड्यांखाली झाकलेली बघणं मला जड गेलं.

उजवीकडे, सीलंटवर, तेच दव सलग पसरायचं आणि एकसारखं सुकायचं. धूळ असायचीच, पण पुसट थरासारखी. दोन तांबे पाणी ओतलं की निघून जायची. सगळी सीलंट अशीच वागतात असं म्हणणार नाही. काहींवर पाण्याचे थेंबही होतात. स्प्रे सिरॅमिक, म्हणजे फवारून लावायचं सिरॅमिक कोटिंग, मी मित्राच्या गाडीवर लावून पाहिलं, त्यावर तर वॅक्सहून घट्ट थेंब आणि तशीच कडी.

टिकण्याबद्दल फार लांबण लावत नाही. माझं वॅक्स दीड महिन्यात विरलं, सीलंट होळीलाही जाणवत होतं. मे महिन्याच्या मध्यावर पुन्हा दिलेला सीलंटचा हात गणपतीपर्यंत पुरला, आणि रत्नागिरीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. धुताना भांड्यांचा साबण मात्र वापरू नका, त्याने दोन्ही उतरतात.

आंब्याखाली गाडी लावत असाल तर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. ते दोन्हींपैकी कशानेही थांबलं नाही. गाडी हलवा, नाहीतर रोज धुवा.

सीलंटची अडचण सांगायला हवी. लावल्यावर त्याला कोरडे तास लागतात. रात्री दव पडलं तर थर नीट बसत नाही, सकाळी ओघळांच्या खुणा दिसतात. मी सकाळी लवकर सावलीत लावतो आणि ती रात्र गाडी भावाच्या पडवीत ठेवतो. अशी जागा नसेल किंवा बंद गॅरेज असून गाडी रविवारीच बाहेर निघत असेल, तर वॅक्स घ्या. गॅरेजवाल्यांना दवाचा त्रासच नाही आणि रंगाला ती ओल मिळेल. पण एक रात्र आडोशाला ठेवता येत असेल, तर रोज अंगणात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी तरी सीलंटच देईन.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी बॉनेटवर, सीलंटच्या वरून, वॅक्सचा एक पातळ हात देतो. दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी निळा रंग मनासारखा दिसतो, आणि थंडी पडेपर्यंत ते वॅक्स निघून गेलेलं असतं. क्रम उलटा करू नका. वॅक्सच्या तेलकट थरावर सीलंट धरत नाही.