पोश्चर बेल्ट: पाचपैकी तीन स्टार, तेही पट्ट्याला, खोक्यावरच्या दाव्यांना नाही

खांदे मागे ओढणारा पोश्चर बेल्ट बरेच दिवस वापरतोय, म्हणून लिहितोय. वस्तू वाईट नाहीये. पण खोक्यावर पाठदुखी, मानदुखी, सायटिका, स्लिप डिस्क, सगळ्यावर रामबाण असं छापलंय, ते वाचून घेणार असाल तर जरा थांबा.

आधी पट्टा. दप्तरासारखा दोन्ही हातांत घालायचा आणि पोटावर वेल्क्रो लावायचं. घातल्या घातल्या छाती पुढे येते, एकदम भारी वाटतं. मग हळूहळू काखेत काचायला लागतो, आत टी-शर्ट नसेल तर वळ उठतात, आणि वेल्क्रो सोडताना असला चर्रर्र आवाज येतो की मीटिंगमध्ये सगळे वळून बघतात. त्यात कपड्यांचे धागे अडकून वेल्क्रोची पकडही लवकर जाते. काम काय करतो, तर आठवण करून देतो. खांदे गळले की ताण जाणवतो, आपण सरळ होतो, बस्स. स्नायू बळकट करणं हे त्याचं कामच नाही, त्याला व्यायाम लागतो.

आता मान. डोकं असतं साधारण साडेचार-पाच किलोचं. ताठ असताना ते मानेच्या ७ मणक्यांवर नीट तोललेलं असतं, पण मोबाईलमध्ये बघायला पुढे झुकलं की मागचे स्नायू ते सतत ओढून धरतात, आणि संध्याकाळी मान आखडते ती बऱ्याचदा याच्यानेच. पट्टा खांदे धरतो हो, डोकं कोण धरणार? मला फरक पडला तो लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणल्यावर आणि कीबोर्ड वेगळा लावल्यावर.

कंबरेपर्यंत तर हा पट्टा धड पोचतही नाही. वाकून, वर अंगाला पीळ देऊन काहीतरी उचललं की उसण भरते, ती बहुतेक वेळा स्नायू नाहीतर लिगामेंट (हाडांना हाडं जोडणारे चिवट तंतू) ताणल्याने. बऱ्याच लोकांच्या कंबरदुखीचं नेमकं कारण एमआरआयमध्ये सापडतही नाही आणि काही आठवड्यांत दुखणं आपसूक कमी होतं, तेही झोपून राहण्यापेक्षा झेपेल तेवढं हिंडत फिरत राहिलं तर लवकर. उलट ज्यांचं काहीच दुखत नाही त्यांच्याही एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, फुगलेली, झिजलेली दिसते, त्यामुळे नुसतं 'गॅप कमी झालीय' ऐकून हातपाय गाळू नका. सायटिका वेगळी. गादीच्या आतला मऊ भाग बाहेर येऊन नस दाबतो, जास्त करून कंबरेच्या अगदी खालच्या दोन गाद्यांमध्ये, आणि कळ कुल्ल्यातून थेट पायात उतरते. तिथे खांदे मागे ओढून काय होणार, तुम्हीच सांगा.

माझी खरी तक्रार मात्र पट्ट्यामागच्या कल्पनेवरच आहे. मोठ्या माणसाच्या मणक्यातल्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, तिचं पोषण आजूबाजूच्या मणक्यांतून झिरपत येतं आणि हालचाल त्याला मदत करते. स्नायूंचंही तेच, एकाच ठेवणीत ठेवले की दमतात. म्हणजे वाकून तासन्‌तास बसलं काय आणि पट्टा घालून ताठ पुतळा होऊन बसलं काय, अंग धरायचं ते धरतंच. म्हणून मी तो टायपिंग करताना थोडा वेळ घालतो आणि काढून चक्कर मारून येतो. दिवसभर घालायचा सल्ला खोक्यावर आहे, तो मी बाजूला ठेवलाय.

एक गोष्ट खोक्यावर असायला हवी होती ती नाहीये. जांघेभोवती बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, यातलं काहीही झालं तर पट्टाबिट्टा सोडा, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. दुखण्यासोबत ताप असेल, वजन उगाच उतरत असेल किंवा पडल्यावर दुखायला लागलं असेल तरी डॉक्टरला दाखवाच.

एवढं वाचूनही घ्यायचाच असेल तर साइज छातीच्या मापाने बघा, उंचीने नको. दोन मापांच्या मधे असाल तर मोठा घ्या, लहान काखेत रुततो. बझर वाल्याच्या नादी लागू नका, बुटाची लेस बांधायला वाकलं तरी गुरगुरतो. आणि धुताना वेल्क्रो बंद करा, नाहीतर बाकीच्या कपड्यांची वाट लागते.