वाट पाहायची वही : घर घेताना सतरा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दोनशे पानी फुलस्केप वहीवर एवढा लांबलचक अनुभव लिहिते म्हटल्यावर काही जण हसतील. हसू द्या. घरापायी मी काय काय वापरलं ते आधी सांगते: बिल्डरचा व्हॉट्सॲप ग्रुप, बँकेचं ॲप, महारेराचं (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं) संकेतस्थळ, डिजिटल सातबारा, महाभूमी या सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरची ‘आपली चावडी’ आणि ही वही. ताबा मिळून आता तीन महिने होत आले. सगळ्यात जास्त कामी आली ती वहीच, पण बाकीचं नसतं तर वहीत लिहायला फक्त लोकांच्या थापा उरल्या असत्या.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रावर आरोग्य सेविका आहे. नवरा शेती पाहतो, साडेचार एकर, कापूस आणि तूर. मुलगी आठवीत गेली तेव्हा तालुक्याला घर घ्यायचं ठरलं. लेआउट तालुक्याच्या गावाबाहेर, हद्द मात्र ग्रामपंचायतीची. चोवीस रो-हाऊस, त्यातलं आमचं अकरा नंबरचं, किंमत एकोणीस लाख. अक्षय तृतीयेला, १० मे २०२४ रोजी बुकिंग केलं. करारनाम्यात ताब्याची तारीख ३१ मार्च २०२५. चावी हातात पडली १३ ऑक्टोबर २०२५ ला.

बुकिंगच्या दिवशी बिल्डरने तीन लाख मागितले. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या हिताच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, हे मला आमच्या एका शिक्षक भाडेकरू शेजाऱ्यांनी आदल्या रात्री सांगितलं होतं. मी एक लाख नव्वद हजारांचा चेक दिला आणि गप्प बसले. तोही गप्प बसला. पुढचे पैसे जूनमध्ये करारनाम्याची रजिस्ट्री झाल्यावर दिले. घर माझ्या एकटीच्या नावावर केलं, म्हणून मुद्रांक शुल्कात महिलांची एक टक्क्याची सूटही मिळाली. सासऱ्यांना ते थोडं लागलं, पण एकोणीस हजार म्हणजे काही थोडे नाहीत.

वही सुरू झाली ऑगस्टमध्ये. तोवर मीही सगळ्यांसारखीच दर दोन दिवसांनी फोन करत होते. “भाऊ, कधी होईल?” आणि ठरलेलं उत्तर, “ताई, टेन्शन नका घेऊ, पुढच्या हप्त्यात काम लागते.” हा पुढचा हप्ता, म्हणजे आठवडा, कधी येतच नव्हता. एक दिवस लसीकरणाचं रजिस्टर भरता भरता वाटलं, बाळांच्या डोसच्या तारखा आपण एवढ्या काटेकोर लिहितो, मग एकोणीस लाखांचं काय? त्या संध्याकाळी वहीत चार रकाने आखले. तारीख. कोण बोललं. काय म्हणाले. आणि चौथा, ‘कागद दिसला का’. पहिली सहा पानं भरली तेव्हा चौथा रकाना जवळजवळ कोरा होता.

या रकान्याने माझं पहिलं मोठं काम केलं ते ऑक्टोबरमध्ये. जोतं पूर्ण झालं होतं, त्याचा हप्ता म्हणजे दोन लाख पंच्याऐंशी हजार बँकेने बिल्डरला द्यायचा होता. दोन महिने झाले, पैसे निघेनात. बिल्डर म्हणे, बँकेत अडलं. बँकेतल्या मॅडम म्हणत, बिल्डरकडून कागद यायचा आहे. कोणता कागद, ते दोघंही सांगेनात. वहीत दोन्ही बाजूंची वाक्यं एकाखाली एक आली तेव्हा दिसलं की दोघंही खरंच बोलत होते, फक्त अर्धं अर्धं. मग मी पंधरा रुपये भरून त्या गटाचा डिजिटल सातबारा काढला. ‘इतर हक्क’ या रकान्यात एका पतसंस्थेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तशीच बसलेली! मूळ शेतमालकाने कधीकाळी काढलेलं कर्ज. ते फिटलं होतं, पण बोजा उतरवायचा फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, कोणी टाकलाच नव्हता.

वाईट याचं वाटलं की बँकेच्या मंजुरीपत्रात तिसऱ्या पानावर ही अट छापलेलीच होती: बोजा कमी झालेला सातबारा दिल्याशिवाय रक्कम मिळणार नाही. सह्या करताना मी ते वाचलं नव्हतं. बावीस सह्या केल्या, एक पान वाचलं नाही.

त्यानंतर बिल्डरला मी “पैसे कधी निघतील” विचारलं नाही. “पतसंस्थेचा कर्ज फिटल्याचा दाखला पटवाऱ्याकडे दिला का, आणि पोच कुठे आहे” एवढंच विचारलं. चार दिवसांत दाखला गेला. फेरफार नोंदला गेला की तो ‘आपली चावडी’वर दिसतो. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं. फेरफार क्रमांक, तारीख आणि हरकतीची शेवटची तारीख समोर येते. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी मंजुरी देतात. म्हणजे मला पहिल्यांदाच एक खरी तारीख मिळाली, कोणाच्या तोंडची नव्हे. तीच तारीख मी बँकेतल्या मॅडमना कळवली, त्यांनीही त्यांच्या डायरीत लिहिली. दिवाळीनंतर हप्ता निघाला. ‘आपली चावडी’ला माझ्याकडून पैकीच्या पैकी, कारण फुकट आहे आणि घरबसल्या आहे. फेरफार अडला असेल तर का अडला, ते मात्र त्यात कळत नाही. त्यासाठी बस पकडून पटवाऱ्यापर्यंत जावंच लागतं, आणि एका पटवाऱ्याकडे तीन-तीन साझे असले की तो आज कोणत्या गावी आहे हे आधी कोतवालाला विचारावं लागतं.

आता व्हॉट्सॲप ग्रुपविषयी. एकतीस जण, रोज सकाळी फुलांसकट शुभ प्रभात. डिसेंबरमध्ये बिल्डरच्या पोराने फोटो टाकला, ‘रो-हाऊस ८ ते १२, स्लॅबची तयारी जोरात’. सगळ्यांनी हात जोडले. मी फोटो मोठा करून पाहिला. मागे निळी टाकी दिसत होती. ती टाकी तीन नंबरच्या मागे आहे, आमच्या बाजूला कडुनिंब आहे. दुसऱ्या दिवशी बीटवरून परत येताना गाडी वळवली. अकरा नंबरच्या भिंती अर्ध्यावर, वर उन्हात वाळत घातलेली कोणाची तरी चादर, आणि एकटे मिस्त्री विटांवर बसून तंबाखू मळत होते.

“काम जोरात आहे म्हणतात,” मी म्हटलं.

“कायचं जोरात, सिस्टर. सळाखच नाही आली तीन हप्त्यापासून. अन् मानसं सारे वेचनीले गेले. किलोमागं पैसे भेटतेत तिकडं, इकडं कोन येते?”

हे उत्तर मला बिल्डरच्या सगळ्या निरोपांपेक्षा जास्त कामाचं वाटलं. आमच्याकडे घर बांधायला काढलं की वर्षाचे महिने आपोआप कमी होतात. १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून रेती काढायला बंदी, त्यामुळे साठा केला नसेल तर काम थांबलंच. दिवाळीनंतर कापूस वेचणी, मजूर शेतात. एप्रिल-मेच्या उन्हात स्लॅबला दिवसातून तीनदा पाणी मारायचं तर बोअर आटलेली. २०२४ मध्ये वर विधानसभेची आचारसंहिता, तिच्या नावावर तर कोणीही काहीही खपवलं. हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही, आमच्या घरीच कापूस आहे. पण करारनाम्यावर ३१ मार्च लिहिणाऱ्याला ते माझ्याहून जास्त माहीत होतं, हेही तितकंच खरं.

ग्रुपचा एकच खरा उपयोग झाला आणि तो आम्ही करून घेतला. सहा कुटुंबांनी वेगळा छोटा ग्रुप केला आणि पाळी लावली. ज्याचं तालुक्याला काम असेल त्याने साइटवर उतरायचं, सहाही घरांचे फोटो काढायचे, त्यात घराचा नंबर दिसला पाहिजे. शुभ प्रभातला बंदी.

महारेराचं संकेतस्थळ मी उशिरा उघडलं, ही माझी चूक. चोवीस घरांच्या स्कीमला नोंदणी सक्तीची आहे, नंबर जाहिरातीच्या बोर्डावरच होता, क्यूआर कोडसकट. २०२३ च्या ऑगस्टपासून जाहिरातीत तो कोड टाकावाच लागतो. स्कॅन केलं की प्रकल्पाचं पान उघडतं: पूर्ण होण्याची जाहीर केलेली तारीख, किती घरं विकली, खटले, तारण, आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर व सीए यांची प्रमाणपत्रं. बिल्डरने दर तीन महिन्यांनी हे अद्ययावत करायचं असतं. मी सगळ्यात आधी ताब्याची तारीख पाहिली. आमच्या करारनाम्यात ३१ मार्च २०२५, तिथे जाहीर केलेली ३१ डिसेंबर २०२५! नऊ महिन्यांचा फरक. त्याने आम्हाला गोड वाटावी म्हणून एक तारीख सांगितली होती आणि सरकारला स्वतःला झेपेल ती. ग्राहकाला मात्र करारातली तारीख महत्त्वाची, आणि ती माझ्याकडे सही-शिक्क्याची होती. पानावरची प्रमाणपत्रं वाचायला कंटाळा येतो हे खरं. इंजिनिअरच्या प्रमाणपत्रातला झालेल्या खर्चाचा आकडा तेवढा दर तिमाहीला वहीत उतरवायचा. आकडा हलला नाही तर काम हललं नाही.

पैशांचं थोडं उघड सांगते. स्लॅब फेब्रुवारीत पडला तोवर किमतीचे सत्तर टक्के, म्हणजे तेरा लाख तीस हजार, बिल्डरकडे गेले होते. महारेराच्या नमुना करारात टप्प्यांची हीच मर्यादा आहे: करारानंतर तीस टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत पंचेचाळीस, स्लॅबपर्यंत सत्तर. माझ्या तेरा लाख तीस हजारांतले सात लाख साठ हजार बँकेचे. त्याचं नुसतं व्याज महिन्याला पाच हजार सातशे, वर इथल्या खोलीचं भाडं साडेतीन हजार. मार्च उलटला तसं दर महिन्याला नऊ हजार दोनशे रुपये निव्वळ वाट पाहण्याचे गेले. नवरा म्हणाला, एवढ्यात एक म्हैस आली असती.

एप्रिलमध्ये बिल्डरला विचारलं तेव्हा त्याने रेती, मजूर, पाऊस सगळं सांगितलं. मी रेरा कायद्याचं सहावं कलम वाचून गेले होते. नोंदणीला मुदतवाढ मिळायची हाताबाहेरची कारणं त्यात मोजून दिली आहेत: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा निसर्गाची दुसरी आपत्ती. वेचणीचा हंगाम त्यात नाही. आणि अठराव्या कलमात लिहिलंय की घर सोडायचं नसेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज ग्राहकाला द्यायचं. महाराष्ट्रात दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वांत वरचा एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत व्याजदर) अधिक दोन टक्के. अकरा टक्क्यांनी धरलं तरी तेरा लाख तीस हजारांवर महिन्याला बारा हजारांच्या वर जातं. मी हे रागाने नाही, वहीतल्या तारखांसकट एका पानाचं पत्र लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवलं. फोनवर जो माणूस वर्षभर “आपलंच काम आहे ताई” म्हणत होता तो तिसऱ्या दिवशी स्वतः उपकेंद्रावर आला. ओपीडीच्या बाकावर गरोदर बायांच्या रांगेत बसून राहिला, मला हसू आवरेना.

तक्रारीचा अर्ज मी भरून ठेवला होता, फी पाच हजार. महारेराचा सलोखा मंचही आहे, तिथे जायची तयारी होती. जावं लागलं नाही. शेवटच्या पाच टक्क्यांच्या हप्त्यातून, म्हणजे पंच्याण्णव हजारांतून, साठ हजार त्याने सोडले. कायद्याने साडेसहा महिन्यांचे एकोणऐंशी हजार होत होते. एकोणीस हजार मी सोडले. नागपूरला दोन चकरा आणि दोन रजा वाचल्या म्हणून मनाला पटवलं, पण सहांपैकी दोन कुटुंबांना हे पटलं नाही आणि त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असंही मला वाटत नाही.

जे चाललं नाही तेही लिहिते. रोज फोन करणं चाललं नाही. एका पुढाऱ्याचा फोन लावून पाहिला, आठ दिवस तीन मजूर दिसले, नवव्या दिवशी पुन्हा मिस्त्री एकटे. नवरा एकदा चिडून साइटवर भांडून आला, त्यानंतर महिनाभर आमच्या घराच्या खिडक्या सगळ्यात शेवटी लागल्या. बँकेच्या ॲपमध्ये हप्ता गेला एवढं कळतं, का अडला ते कळत नाही.

आणि ही पद्धत सगळ्यांना लागू नाही. तुमच्या स्कीममध्ये आठच घरं असतील किंवा जागा पाचशे चौरस मीटरच्या आत असेल तर रेराची नोंदणी नसते, म्हणजे ते पानच नाही. मग सातबारा, चावडी आणि दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) एवढ्यावरच चालवायचं. माझ्या नणंदेने असाच सुटा प्लॉट घेतला आहे. तिला मी वही दिली, तिने त्यात दूधवाल्याचा हिशोब लिहिला.

खरेदीखत १३ ऑक्टोबरला झालं, त्याच दिवशी चावी. रजिस्ट्रीच्या वेळी सर्व्हर दोन तास बंद होता, सगळे वडापाव खात बसलो. फेरफार दिवाळीच्या सुट्ट्यांतून वाट काढत नोव्हेंबरच्या शेवटी मंजूर झाला, चावडीवर पाहिला, सातबाऱ्यावर नाव आलेलं प्रिंट काढून देवघरात ठेवलं. वहीत एकशे चौदा पानं भरली आहेत. एक ओळ अजून उघडी आहे, नमुना ८ ची, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्याची: ‘नमुना ८ वर नाव. ग्रामपंचायतीत अर्ज दिला, पोच घेतली. सोमवारी मासिक सभा, मंगळवारी जाऊन पाहायचं.’