जहाजाच्या इंटरव्ह्यूची 'तयारी' आणि ७१,००० रुपये

नोंदणीचे १,५००. दहा दिवसांच्या इंटरव्ह्यू तयारीचे १८,०००. 'परत मिळणारी अनामत' ४२,०००. व्हिसा आणि मेडिकलचे ९,५००. बेरीज ७१,०००. चार हप्त्यांत, तीन वेगवेगळ्या खात्यांवर, तिन्ही खाती माणसांच्या नावावर, कंपनीच्या नाही. भाच्याचं जीपी रेटिंग, म्हणजे खलाशाचा सुरुवातीचा कोर्स, झालेलं, सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, हातात आलेली, आणि त्याला 'भर पैसे' म्हणणारा मी, बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून निवृत्त झालेला. लिहायची लाज वाटते, तरी लिहितोय, कारण जहाजावर नोकरी लावतो सांगून पैसे उकळणारी ही माणसं अजून चिपळूणपासून दाभोळपर्यंत फिरतायत.

त्यांची वेळ बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पोरं घरी. आंब्याचे पैसे नुकतेच हातात आलेले. जाहिरात बरोबर तेव्हाच येते, आणि 'गणपतीआधी जॉइनिंग' असं तिच्यात हमखास असतं.

वर्गात काय शिकवलं? टाय कसा बांधायचा, हात कसा मिळवायचा, आणि चाळीस प्रश्नांच्या झेरॉक्स नोट्स घोकायच्या. खऱ्या इंटरव्ह्यूची सुरुवात कागदांपासून होते. सीडीसी, इंडोस नंबर (खलाशाचा ओळख क्रमांक), पासपोर्ट, एसटीसीडब्ल्यूच्या (खलाशांच्या प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम) बेसिक कोर्सांची प्रमाणपत्रं, मेडिकल, यलो फीवरची लस. मग प्रश्न, आणि प्रत्येक उत्तरावर 'मग पुढे?' बंदिस्त टाकीत ऑक्सिजन किती हवा, तर २१ टक्क्यांच्या आसपास, इथपर्यंत कुणीही पाठ म्हणतो. पण मोजायचा कुठे? वर, मध्ये आणि तळाशी. आत जायचं परमिट कुणाच्या सहीचं? दारावर माणूस का उभा ठेवायचा? आतला बेशुद्ध पडला तर तो माणूस एकटा आत का जात नाही? आधी अलार्म देऊन मदत का बोलावतो? तयारी करायची ती याची. बोलाइन आणि क्लोव्ह हिच या दोरीच्या गाठी पाठीमागे हात घेऊन बांधता यायला हव्यात. सात छोटे भोंगे आणि एक लांब ऐकू आला की लाइफजॅकेट घेऊन मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या जागी, हे झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवं.

आता जिथे माझे डोळे उघडायला हवे होते ती गोष्ट. त्या नोट्समध्ये स्टर्न लाइट, म्हणजे जहाजाच्या मागचा दिवा, २२५ अंशांतून दिसणारा लिहिला होता. स्टर्न लाइट १३५ अंशांचा असतो. २२५ चा असतो तो मास्टहेड लाइट, डोलकाठीवरचा पुढे दिसणारा दिवा. मी ते इंटरव्ह्यूच्या दोन दिवस आधी वाचलं आणि छपाईची चूक म्हणून सोडून दिलं. व्हिडिओवर 'कॅप्टन'ने नेमका तोच प्रश्न विचारला, भाच्याने नोट्समधलं उत्तर दिलं आणि समोरून 'व्हेरी गुड' आलं. मास्टरचं तिकीट, म्हणजे कॅप्टनचं प्रमाणपत्र, असलेला माणूस असं म्हणेल? इंटरव्ह्यू ११ मिनिटांत संपला, प्रश्न नोट्सच्याच क्रमाने आले, सीडीसी दाखव असं कुणी म्हटलं नाही. घरी येताना भाच्याने हे सगळं सांगितलं आणि मी खूश झालो. त्याच संध्याकाळी ४२,००० पाठवले.

मी काहीच तपासलं नाही असं नाही. त्यांनी दिलेल्या नोकरीच्या पत्रावरचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरती करायच्या परवान्याचा नंबर, डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या यादीत शोधला. नंबर खरा, कंपनी खरी, परवाना चालू. चोरलेला होता तो. यादीतल्या फोनवर मी फोन केला नाही, पत्रावरच्या फोनवर केला. नंबर जुळला म्हणून थांबू नका. सरकारी यादीत जो फोन आणि पत्ता आहे तिथेच विचारा. पैसे गेल्यावर मी तिथे विचारलं तेव्हा कळलं, चिपळुणात त्यांचा कुणीही माणूस नाही.

पत्रात जहाजाचा आयएमओ नंबरही, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, होता. तो घरबसल्या तपासता येतो. सात अंकांपैकी पहिल्या सहांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे सातवा अंक. आमच्या पत्रावर ९ यायला हवा होता, तिथे ४ होता. दोन मिनिटांचं काम, मी केलं महिन्याभराने.

आणि मुळात नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत. एमएलसी २००६ हा खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ साली मान्य केला, त्यात हे स्पष्ट आहे. पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकलचा खर्च आपला असू शकतो. व्हिसाचा नाही. मेडिकलचे पैसेही मान्यताप्राप्त डॉक्टरला समोर द्यायचे, एजंटच्या खात्यात नाही.

पोलिस ठाण्यात तीन खेपा झाल्या. पहिल्या दिवशी 'साहेब बंदोबस्तात'. दुसऱ्या दिवशी 'तुम्ही स्वखुशीने दिलेत, हे सिव्हिल मॅटर आहे'. तिसऱ्या दिवशी 'खातं परराज्यातलं, आमची हद्द नाही'. चोरलेला परवाना, खोटं जहाज, खोटा कॅप्टन दाखवून पैसे काढले आणि हे सिव्हिल? १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्याच्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. मी कलम सांगितलं तर हवालदार म्हणाला, 'वकील आणा.' साध्या कागदावर अर्ज घेतला आणि आवक नंबर मागितला तर कपाळाला आठ्या. बँकेत तर 'ओटीपी तुम्हीच टाकलात ना?' एवढंच. अहो, टाकला म्हणूनच तर आलोय. ठाणं ऐकत नसेल तर तक्रार लेखी, टपालाने पोलिस अधीक्षकांकडे. आम्ही रजिस्टर्ड पाठवली. पोचपावती आली, उत्तर नाही.

पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, ठाणं नंतर. खात्यात रक्कम शिल्लक असेपर्यंतच ती गोठवता येते. आम्ही बदनामीच्या भीतीने सहा दिवस घालवले. व्हॉट्सॲपवरचं काहीही पुसू नका, झेरॉक्स नोट्ससुद्धा ठेवा.

परवा त्याच नोट्स गुहागरच्या एका पोराच्या हातात दिसल्या. स्टर्न लाइट अजून २२५ अंशांचाच. त्याचे आतापर्यंत फक्त १,५०० गेलेत. बाबा, पुढचे १८,००० भरू नकोस.