टामिया वेदरिंग मास्टर, बी सेट : कोकणात बर्फ कुठे लावायचा?

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू रेल्वे मॉडेलवाल्यांसाठी आहे, त्यातही ज्यांना घरांची छपरं रंगवायची आहेत त्यांच्यासाठी. टामिया ही मॉडेलचं सामान बनवणारी जपानी कंपनी, आणि वेदरिंग म्हणजे नवं मॉडेल ऊनपाऊस खाल्लेलं, जुनं दिसावं म्हणून केलेलं रंगकाम. रणगाडे आणि विमानं करणाऱ्यांनी या सेटवर ढिगाने लिहून ठेवलंय, पण आपल्या कौलांवर हे कसं बसतं ते मला कुठे सापडलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू.

मी कुडाळचा. एचओ स्केल, म्हणजे 1:87, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं. स्टेशनाबाहेरचा एक कोपरा करतोय, त्यात एक चिऱ्याचं कौलारू घर, पुढे पडवी, मागे फणस, आणि बाजूला एक पत्र्याची शेड. भिंती दोन रविवारात झाल्या, छपराने तीन महिने खाल्ले. कारण लेआउट, म्हणजे मांडलेला सगळा देखावा, आपण वरूनच बघतो ना, दिसतं ते छपरच! खरं मंगळुरी कौल साधारण सोळा इंच लांब असतं, एचओत ते पाच मिलिमीटरसुद्धा भरत नाही, त्यामुळे एकेक कौल करण्याच्या भानगडीत न पडता कौलांचा उठाव असलेली प्लास्टिक शीट घेतली आणि कापून चिकटवली.

तर सेट. छोटी चपटी डबी, आत तीन रंगांच्या वड्या आणि एक काडी, तिच्या एका टोकाला स्पंज, दुसऱ्याला ब्रश. दिसायला थेट मेकअपचं सामान. पार्सल फोडलं तेव्हा आई शेजारीच होती, म्हणाली, "काय रे ह्यां? तोंडाक लावतलंस?" बी सेटमध्ये स्नो, सूट आणि रस्ट येतात, म्हणजे बर्फ, काजळी आणि गंज. मला कुरिअर धरून आठशेच्या घरात पडला. पहिला विचार हाच आला की गंज ठीक आहे, पण बाकीच्या दोघांचं कोकणात काय लोणचं घालू? बर्फाचं तर सोडाच. आणि काजळी म्हणावी तर कोकण रेल्वेचा सगळा मार्ग 1998 मध्ये सुरू झाला तोवर ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं रिटायर झालेली, 2022 पासून सगळ्या लाइनवर वर वायर आहे. इंजिनाच्या धुराने काळं झालेलं छप्पर आपल्याकडे दाखवलं तर ते खोटंच वाटणार.

पण मग एक दिवस एप्रिलमध्ये घराच्या मागच्या गडग्यावर चढून स्वतःच्याच छपराकडे नीट बघितलं. आपल्याला वाटतं कौलं लाल असतात. लाल कुठली, वीस वर्षं झालेलं कौल उन्हाळ्यात अर्धं काळं असतं! पावसात जे हिरवं शेवाळ धरतं तेच वाळून काळी पापडी होऊन बसतं. म्हणजे तो काळा रंग धुराचा नाहीच, पाण्याचा आहे. हे डोक्यात शिरलं आणि सूटची वडी अचानक कामाची झाली. मुख्य म्हणजे ती सगळीकडे सारखी फासायची नाही. वरच्या ओळींना ऊन लागतं, पाणीही तिथे थांबत नाही, म्हणून आढ्याजवळ कमी, आणि वळचणीकडे, जिथे एक कौल दुसऱ्यावर चढतं त्या काठाला, जास्त.

त्याआधी खालचा बेस नीट हवा. मी प्रायमरवर साध्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, अॅक्रेलिक मारला, मग त्यातच थोडा पांढरा, थोडा काळा, थोडा नारिंगी मिसळून तीन शेड केल्या आणि बारीक ब्रशने मधली मधली कौलं वेगळी रंगवली, साधारण आठात एक. हे कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका, कारण आपल्याकडे दरवर्षी पावसाआधी माणूस वर चढून कौलं परततो, फुटलेली बदलतो, त्यामुळे कुठलंच जुनं छप्पर एका रंगाचं नसतं. त्यावर काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सोडला, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की पाणी गोळा न होता खाचांत उतरतं. तो वाळल्यावरच वेदरिंग मास्टर.

लावायला खरंच सोपं. सुटी पावडर असते तशी उडत नाही, वडी किंचित मेणचट आहे, स्पंजवर घेऊन घासलं की बसते, जास्त झालं तर ओल्या कापसाने बरंचसं निघतं. नवख्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण खालचा रंग मॅट पाहिजे, चकचकीत रंगावर ती धरत नाही, नुसती घसरते. आणि हात नेहमी आढ्याकडून वळचणीकडे, पाणी जसं वाहतं तसा. मी एका पाख्यावर टीव्ही बघता बघता आडवा हात मारला आणि ते छप्पर इतकं विचित्र दिसायला लागलं की पुसून परत केलं.

गंजाची वडी शेडच्या पत्र्यावर वापरली आणि तिथे हा सेट पैसे वसूल करतो. पत्रा खिळ्याच्या, हुकाच्या भोकापासून आणि जोडापासून गंजतो, मग त्याचे ओघळ पन्हाळीतून खाली येतात. म्हणून प्रत्येक हुकापाशी ठिपका आणि तिथून खाली बारीक ओढ. पूर्ण पत्रा तांबडा केला तर तो भंगारवाल्याकडचा वाटतो. वर दोन चिरे ठेवले, एका कोपऱ्यावर प्लास्टिकचा निळा कागद. बघणारा पहिला हात त्या निळ्या कागदालाच लावतो!

बर्फाचं शेवटी काय केलं? आढ्यावरच्या कौलांखालचं सिमेंट, दगडफुलासारखे पांढरे डाग आणि माडाखालची कावळ्यांची कृपा. म्हणजे तोही लागला, फक्त चिमूटभर. ही वडी मला जन्मभर पुरेल.

हिरवा या सेटमध्ये नाही. शेवाळासाठी मी गडद हिरव्यात काळा मिसळून पातळ रंग वापरला. आणि एक फुकटचा माल, गेरू. किराणा दुकानात मिळतो तोच, मलमलच्या कापडातून दोनदा चाळून कोरड्या ब्रशने. कौलाचा लाल रंग मातीतल्या लोखंडाचा आणि गेरूही लोखंडाचाच, त्यामुळे जुळणी इतकी मस्त होते की विकतचा लाल त्याच्यापुढे नाटकी वाटतो.

आता माझा शहाणपणा. बोट लागलं की वेदरिंग थोडं निघतं म्हणून वर मॅट वार्निशचा स्प्रे मारला, तोही जुलैत, बाहेर धो धो पाऊस असताना पडवीत उभं राहून. स्प्रेतलं सॉल्व्हंट भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा त्या थरात अडकतो. सकाळी बघतो तर अख्खं घर दुधात बुडवून काढल्यासारखं. स्प्रेचा काही दोष नाही, दोष माझ्या घाईचा. ते छप्पर टाकून दुसरं केलं. आता ऑक्टोबरच्या उन्हाशिवाय स्प्रेला हात लावत नाही, आणि वार्निशखाली वेदरिंग थोडं फिकं पडतं म्हणून ते आधीच जरा जास्त लावून ठेवतो.

तयार झाल्यावर आमच्याकडे कौलं परतायला येणाऱ्या काकांना दाखवलं. माझा लेआउट श्रावणातला, शेतं हिरवीगार, आणि छप्पर मात्र मी मे महिन्यातलं करून ठेवलेलं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काकांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. "कौलां बरी केलंस. पण ह्यो पाखो फणसाखाली ना? मगे सुको कसो?" परत हिरवा रंग हातात घेतला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, आता शेवाळ पसंत पडलं, पण आढ्याजवळ बोट नेऊन म्हणाले, "आणि वांदरांनी फोडलेली कौलां खंय आसत?"

आता ब्लेड घेऊन दोन कौलं फोडायला बसलोय.